पाळणाघरातील कर्मचारी आणि स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळणाघर, डे-केअर किंवा पूर्वप्राथमिक वर्ग चालवणाऱ्यांकडून, तिथे काम करणाऱ्यांकडून आणि मूल तिथे ठेवणाऱ्या पालकांकडून येणारे हे प्रश्न आहेत. दोन वर्षांचं मूल घरी जाऊन काय घडलं ते सांगू शकत नाही. त्यामुळे त्याच्याजवळ कोणाला जाऊ द्यायचं, हे ठरवण्याची जबाबदारी पूर्णपणे मोठ्यांची आहे आणि ती माणूस कामावर घेण्याआधी पार पाडावी लागते.

पार्श्वभूमी तपासणी म्हणजे पोलीस पडताळणीच ना?

पोलीस पडताळणी हा तिचा एक भाग झाला. पूर्ण तपासणीत निदान पाच गोष्टी येतात: माणूस सांगतो तोच आहे ना, याची मूळ कागदपत्रांवरून खात्री, पोलिसांकडची नोंद, आधी कुठे आणि किती काळ काम केलं याचा सलग तपशील, आधी जिथे काम केलं तिथल्या जबाबदार व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलणं, आणि नीट घेतलेली मुलाखत. न्यूझीलंडच्या २०१४ च्या कायद्यात हे सगळं एकत्रच मागितलं आहे. पोलिसांची तपासणी, ओळखीची खात्री, मागच्या पाच वर्षांच्या कामाचा तपशील, संदर्भ, मुलाखत आणि शेवटी या सगळ्यावरून धोक्याचं लेखी मूल्यमापन. ही मांडणी कोणत्याही पाळणाघराने उचलावी अशी आहे, मग आपल्याकडे तसा कायदा असो वा नसो.

भारतात हे कायद्याने बंधनकारक आहे का?

हो. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, त्याचे नवे नियम २०२० चे. मुलं जिथे राहतात किंवा ज्यांचा मुलांशी नियमित संबंध येतो अशा संस्थांनी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी ठरावीक काळाने करायची, असं या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे. शाळा, पाळणाघरं, क्रीडा प्रबोधिन्या यांचा उल्लेख नावानिशी आहे. शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी, कोणालाही सूट नाही. बालसुरक्षेबाबत कर्मचाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारीही याच नियमाने संस्थेवर टाकली आहे. ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आमचं पाळणाघर घरगुती आहे, सात-आठच मुलं असतात. आम्हालाही हे लागू होतं का?

मुलांची संख्या कमी असली म्हणून धोका कमी होत नाही. घरगुती पाळणाघरात उलट एक जास्तीची बाब असते: त्या घरात राहणारी इतर मोठी माणसं. पाळणाघर चालवणारी बाई कितीही भली असली, तरी तिचा दीर, भाचा किंवा भाडेकरू दिवसभर त्याच घरात वावरत असेल तर त्याचीही तपासणी व्हायला हवी. अमेरिकेत घरगुती पाळणाघर चालवणाऱ्याच्या घरात राहणाऱ्या अठरा वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी लागते, ती याच कारणाने.

नेमकी कोणाकोणाची तपासणी करायची?

सोपी कसोटी अशी की, ही व्यक्ती कधी एखाद्या मुलासोबत एकटी असू शकते का? असू शकत असेल तर तपासणी हवीच. तिचं पद काय आहे, याने फरक पडत नाही.

ताई आणि मावशींची तपासणी होते. राहून जातात ते बाकीचे: गाडीचा चालक, सफाईला येणारा माणूस, रात्रीचा रखवालदार, आठवड्यातून एकदा येणारे नृत्याचे शिक्षक, फोटो काढणारा, आणि संस्थाचालकांचे स्वतःचे नातेवाईक. संस्थाचालकांनी आपली स्वतःची तपासणी सगळ्यात आधी करून घ्यावी आणि प्रमाणपत्र कार्यालयातल्या फाइलमध्ये लावावं. त्यानंतर इतरांकडे मागताना कोणाला अवघडल्यासारखं होत नाही.

स्वयंसेवक तर फुकट वेळ देतात. त्यांना पोलिसांचा कागद मागणं बरं दिसतं का?

दिसतं. मुलाच्या बाजूने पाहिलं तर पगारी कोण आणि बिनपगारी कोण, याला काही अर्थ नाही. भारतातल्या नियमाची भाषा कर्मचाऱ्यांची आहे हे खरं, पण ज्याला मुलांपर्यंत पोचायचं आहे त्याला स्वयंसेवक होणं हा नोकरीपेक्षा कितीतरी सोपा मार्ग वाटू शकतो, कारण तिथे कोणी फारसं विचारत नाही. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांच्या तपासणीसाठी सरकार शुल्क घेत नाही. अमेरिकेतल्या नियमांतही, देखरेखीशिवाय मुलांजवळ जाऊ शकणारा स्वयंसेवक कर्मचाऱ्यासारखाच धरला जातो.

मात्र सगळ्यांना एकच माप लावायची गरज नाही. वर्षातून एकदा गोष्ट सांगायला येणारी आजी पूर्ण वेळ ताईंच्या नजरेसमोर असेल, तर तिची ओळख पटवून नोंदवहीत नाव लिहिणं पुरतं. दर आठवड्याला येणाऱ्या विद्यार्थी-स्वयंसेवकाची मात्र पूर्ण तपासणी करा. आणि तपासणी झालेली नसेल त्याला मुलांना शौचालयात नेणं, कपडे बदलणं, झोपवणं यांपैकी कोणतंही काम देऊ नका, अगदी "दोनच मिनिटं बघ" म्हणूनसुद्धा नाही.

पोलिसांकडून "कोणताही गुन्हा नोंद नाही" असं आलं. आता निश्चिंत व्हावं का?

नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे उत्तर नीट वाचा.

पोलिसांचा कागद एवढंच सांगतो की, त्यांच्या नोंदींमध्ये या नावाच्या माणसाविरुद्ध काही सापडलं नाही. मुलांवरचे अत्याचार मोठ्या प्रमाणात उघडकीलाच येत नाहीत. आलेच तर तक्रार होतेच असं नाही, आणि तक्रार झाली तरी शिक्षा होतेच असं नाही. म्हणून असं कृत्य करणाऱ्यांपैकी बहुतेकांची पाटी पोलिसांच्या लेखी कोरीच असते.

ब्रिटनमधल्या सोहम नावाच्या गावातलं प्रकरण या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. २००२ साली त्या गावातल्या दोन दहा वर्षांच्या मुलींचा खून झाला. खुनी तिथल्या माध्यमिक शाळेत केअरटेकर होता. नव्वदच्या दशकात दुसऱ्या भागात राहत असताना त्याच्याविरुद्ध लैंगिक गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी झाल्या होत्या, पण एकाही तक्रारीत दोष सिद्ध झाला नव्हता आणि ही माहिती नव्या ठिकाणच्या पोलिसांपर्यंत पोचलीच नाही. त्याने अर्जही वेगळं आडनाव लावून केला होता. पुढे सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशीचा अहवाल २००४ मध्ये आला. त्यात पोलिसांच्या चुका तर होत्याच, पण शाळेने संदर्भपत्रांची आणि नोकरीच्या तपशिलाची नीट शहानिशा केली नव्हती हेही पुढे आलं. त्या अहवालानंतर ब्रिटनमधली सगळी व्यवस्था बदलली.

पाळणाघरासाठी त्यातून निघणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत. अर्जात आधीची सगळी नावं आणि आडनावं विचारा. मागच्या काही वर्षांतले सगळे पत्ते विचारा, कारण पडताळणी बहुतेक वेळा दिलेल्या पत्त्यावरूनच होते. उमेदवार दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात राहिला असेल तर तिथलीही पडताळणी मागा. आणि उमेदवाराने स्वतः आणून दिलेल्या संदर्भपत्रावर विसंबू नका.

आधीच्या ठिकाणी फोन करून काय विचारायचं?

पहिली गोष्ट म्हणजे नंबर. उमेदवाराने दिलेला मोबाइल नंबर त्याच्या मित्राचाही असू शकतो. संस्थेचा नंबर स्वतः शोधा, तिथे फोन करा आणि मुख्य व्यक्तीला जोडून द्यायला सांगा.

"माणूस कसा आहे?" असं विचारलंत की "चांगला आहे" हे उत्तर ठरलेलं. आधी नेमक्या गोष्टी विचारा: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत होता, कोणत्या वयाच्या मुलांसोबत होता, काम का सोडलं. ही उत्तरं अर्जातल्या माहितीशी ताडून पाहा. मग विचारा: मुलांशी वागण्याबद्दल कधी तक्रार किंवा समज देण्याची वेळ आली का? मुलांसोबत एकटं राहण्यासाठी तो कारणं शोधायचा का? आणि शेवटी, तुम्ही याला पुन्हा कामावर घ्याल का?

हा शेवटचा प्रश्न विचारला की गप्प बसा आणि ऐका. मनात काही नसलेला माणूस "हो, उद्याच पाठवा" असं चटकन म्हणतो. ज्याच्या मनात काही आहे तो थांबतो, शब्द निवडतो, "आमच्याकडे आता जागा नाही" असं काहीतरी बोलतो. मी तर जागेबद्दल विचारलंच नव्हतं. अशा वेळी न रागावता पुढचा प्रश्न टाकावा: "जागा असती तर?" या एका प्रश्नाने जे कळतं ते कुठल्याही छापील फॉर्मवर येत नाही.

असे निदान दोन फोन करा. त्यातला एक शेवटच्या ठिकाणी आणि एक मुलांसोबत काम केलेल्या ठिकाणी. ही दोन्ही ठिकाणं एकच असतील तर त्याच्या आधीचं ठिकाण घ्या. नातेवाइकाचा संदर्भ धरू नका. फोन झाल्यावर तारीख, कोणाशी बोललात आणि काय बोलणं झालं ते लगेच चार ओळींत लिहून फाइलला लावा.

अर्जात दीड वर्षाचा खंड दिसतो. उमेदवार नाकारावा का?

खंड हा दोष नाही. बाळंतपण, आजारपण, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा, काम न मिळणं, अशा कितीतरी कारणांनी कामात खंड पडतो, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत तो असणारच. नाकारू नका, विचारा. उत्तर सरळ आलं आणि पडताळता आलं की विषय संपला. शंका येते ती उत्तर दर वेळी बदलतं तेव्हा, किंवा दर चार-सहा महिन्यांनी ठिकाण बदललेलं असतं आणि सोडण्याचं कारण एकाही ठिकाणचं नीट सांगता येत नाही तेव्हा.

मुलाखतीत काय पाहायचं?

"तुम्हाला मुलं आवडतात का?" हा प्रश्न वाया जातो. त्याऐवजी प्रसंग द्या. एक मूल तासभर रडतंय, बाकीची जागी होताहेत, तुम्ही काय कराल? सहकारी ताईने मुलाच्या पाठीत धपाटा घातलेला तुम्ही पाहिलात, मग? एखादा बाबा म्हणाला की संध्याकाळी याला तुमच्या घरी घेऊन जा, तर? दुसऱ्या प्रश्नाला "मी तिला समजावेन" एवढंच उत्तर आलं तर पुढे विचारा: आणि मुख्य ताईंना सांगाल का? सांगायला कचरणारा माणूस आतून कितीही मायाळू असला तरी वेळ आली की गप्प बसेल.

संस्थेचे नियम मुलाखतीतच वाचून दाखवा: मुलासोबत दार बंद करून बसायचं नाही, स्वतःच्या मोबाइलवर मुलांचे फोटो काढायचे नाहीत, पालकांना न कळवता भेटवस्तू द्यायच्या नाहीत. वाईट हेतूने आलेला माणूस कधी कधी एवढ्यावरच दुसरी जागा शोधतो.

पडताळणीचा निकाल यायला वेळ लागतो आणि आम्हाला माणूस आजच हवा आहे.

अडचण खरी आहे. एक ताई अचानक सोडून जाते आणि मुलं तर रोज येणारच असतात. यावर उपाय म्हणजे ओळख, मुलाखत आणि दोन्ही फोन या गोष्टी रुजू होण्याआधी पूर्ण करायच्याच. त्या आपल्या हातात आहेत आणि एका दिवसात होतात. पोलिसांचा निकाल येईपर्यंत त्या व्यक्तीला तपासणी झालेल्या ताईच्या नजरेआड जाऊ द्यायचं नाही. अमेरिकेतही बोटांच्या ठशांवरून केलेल्या तपासणीचा एक निकाल हाती आल्यावर बाकीचे येईपर्यंत काम सुरू करता येतं, पण सतत देखरेखीखालीच. नेमणूकपत्रात "पडताळणी समाधानकारक आल्यास" ही अट लिहा, म्हणजे पुढे वाद होत नाही.

नोंद सापडली तर काय करायचं?

गुन्हा कोणता, यावर सगळं अवलंबून. मुलांवरचा कोणताही गुन्हा, लैंगिक गुन्हा, खून, अपहरण यात विचार करायलाच जागा नाही, नकार द्यायचा. अमेरिकेतल्या संघीय कायद्यात अशा गुन्ह्यांची यादीच दिली आहे. वीस वर्षांपूर्वीची हाणामारी किंवा मोर्चात दाखल झालेला गुन्हा ही वेगळी गोष्ट. तिथे गुन्ह्याचं स्वरूप, तेव्हाचं वय, मधल्या काळातलं वागणं आणि द्यायचं काम हे सगळं पाहावं, उमेदवाराला आपली बाजू मांडू द्यावी आणि निर्णयाचं कारण लिहून ठेवावं. खटला चालू असेल तर मुलांशी संबंधित प्रकरणात निकाल लागेपर्यंत नेमणूक करू नये. त्याने स्वतःहून सांगितलं होतं की लपवलं होतं, याला मी फार महत्त्व देते. लपवलेली नोंद छोटी असली तरी लपवणं छोटं नसतं.

किती वर्षांनी पुन्हा तपासायचं?

भारतातला नियम "ठरावीक काळाने" म्हणतो. न्यूझीलंडमध्ये दर तीन वर्षांनी, अमेरिकेत निदान दर पाच वर्षांनी. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये मंजुरी पाच वर्षं चालते, पण त्या काळात नवा गुन्हा नोंदला गेला तर यंत्रणेला लगेच कळतं. आपल्याकडे अशी सततची नजर नाही, म्हणून तीन वर्षांची मुदत बरी. दरवर्षी प्रत्येकाकडून "मागच्या वर्षात माझ्याविरुद्ध गुन्हा नोंदलेला नाही" असं स्वाक्षरीचं निवेदन घ्यावं.

पंधरा वर्षं काम करणाऱ्या मावशींना आता कागद मागितला तर त्या दुखावतील.

एकट्या मावशींना मागितला तर दुखावतीलच. सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच पत्राने, संस्थाचालकांच्या स्वतःच्या प्रमाणपत्रासह मागा. अर्ज भरायला कोणीतरी सोबत बसा, शुल्क संस्थेने भरा, आणि पोलीस ठाण्यात जायला लागणारा वेळ कामाचा धरा. कमी पगारावर काम करणाऱ्या बाईचा अर्धा दिवस त्यात बुडत असेल तर ती टाळाटाळ करणारच, आणि त्यात तिची काही चूक नाही.

माणूस एजन्सीने पाठवला आहे. मग तपासणी एजन्सीची ना?

मूल तुमच्या छताखाली आहे. एजन्सीकडून प्रमाणपत्राची प्रत मागा, तारीख पाहा, आणि दारात आलेला माणूस फोटोतलाच आहे ना हे पाहा. बदली माणूस न कळवता पाठवायचा नाही, हे करारात लिहा.

या माहितीचं पुढे काय करायचं?

तपासणीआधी लेखी संमती घ्या. कागद कुलपात ठेवा, एक-दोन जबाबदार व्यक्तींनीच पाहा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चा गाभाच असा आहे की, ज्या कारणासाठी माहिती घेतली त्यापलीकडे ती वापरायची नाही. कर्मचाऱ्याचं आधार कार्ड पाळणाघराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

लैंगिक गुन्हेगारांची यादी आम्ही स्वतः पाहू शकतो का?

भारतात २०१८ पासून राष्ट्रीय पातळीवर अशी माहितीसाठा यंत्रणा आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना खुली आहे. म्हणूनच पोलिसांमार्फत पडताळणी करावी लागते. उमेदवाराचं नाव इंटरनेटवर शोधायला हरकत नाही. मात्र एकाच नावाची अनेक माणसं असतात, त्यामुळे सापडलेल्या गोष्टीबद्दल आधी त्याला विचारा.

पालक म्हणून मी काय विचारू शकते?

सगळं विचारा, आणि प्रवेश घेण्याआधी विचारा. प्रत्येकाची पडताळणी झाली आहे का, शेवटची कधी झाली? एखादी ताई रजेवर असली की तिच्या जागी कोण येतं? मुलांचे कपडे कुठे बदलता? ती जागा स्वतः पाहा. दार अर्धं आहे किंवा काच आहे, बाहेरून मोठ्यांना दिसतं पण मुलाची लाज राखली जाते, असं असेल तर इथे कोणीतरी विचार केलेला आहे. कोपऱ्यात कडी लागणारी खोली असेल तर कडी का आहे ते विचारा. इतरांची प्रमाणपत्रं तुम्हाला दाखवता येणार नाहीत, ते योग्यच आहे. पण "आमच्याकडे सगळे ओळखीचेच आहेत" हे उत्तर मान्य करू नका. मुलांवर अत्याचार करणारे बहुतेक वेळा ओळखीचेच असतात.

संशयावरून एकाला काढलं. दुसऱ्या पाळणाघरातून त्याच्याबद्दल फोन आला तर?

गुळमुळीत चांगलं बोलून त्याला पुढे ढकललंत, तर तिथल्या मुलांचं जे होईल त्यात तुमचाही हात असेल. अफवा सांगू नका. जे घडलं, जे लेखी आहे, तेच सांगा: अमुक तारखेला तक्रार आली, चौकशी झाली, आम्ही त्यांना पुन्हा घेणार नाही. एवढं पुरतं.

तपासणी करूनही कोणाबद्दल शंका आली तर आधी आपापसात चौकशी करावी का?

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे हे ज्याला कळलं, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची अशी माहिती दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र त्याच कायद्याने संरक्षण आहे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावरूनही मदत मिळते.

त्या व्यक्तीला लगेच मुलांपासून दूर ठेवा. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. त्याने जे शब्द वापरले तेच लिहून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण असेल तर ते पुसलं जाणार नाही याची त्याच दिवशी व्यवस्था करा. पालकांना स्वतः सांगा, आणि मुलाचं नाव पोलीस आणि पालक सोडून कोणाकडेही जाऊ देऊ नका. ते माध्यमांतून उघड करणं हाही पॉक्सोखाली गुन्हा आहे.